एप्रिलचा अटलांटिक की डिसेंबरचा: आईंना बोट लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा भावाकडे अमेरिकेला जाणार आहात. परतताना विमानाऐवजी जहाजानं अटलांटिक ओलांडून युरोपला यायचं मनात आहे. समोर दोन पर्याय आहेत: एप्रिलअखेरीस फ्लोरिडाहून निघून अझोर्स बेटांवर थांबत बार्सिलोना, १४ रात्री, नाहीतर डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कहून थेट साउदॅम्प्टन, ७ रात्री. आईंना पसरणीच्या घाटातसुद्धा गाडी लागते, म्हणून ‘कमी दिवसांची सफर बरी ना?’ असं तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर: एप्रिलची घ्या. रात्री दुप्पट असल्या तरी तीच घ्या. मी २२ वर्षं प्रवासी जहाजांच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, नेव्हिगेशन ऑफिसर म्हणून वॉच (पाळ्या) केले. अटलांटिक दोन्ही वाटांनी आणि दोन्ही दिशांनी ओलांडला आहे. त्या अनुभवावरून सांगतो, आईंना त्रास होईल की नाही हे जहाज कोणत्या अक्षांशावरून जातं आणि लाट त्याला कुठल्या बाजूनं भिडते यावर ठरेल. रात्री किती, हा हिशेब त्यानंतरचा.

शाळेच्या भूगोलात आपण ग्रहीय वारे शिकलो, ते इथं उपयोगी पडतात. उत्तर अटलांटिकवर हवेच्या दाबाची दोन ठाणी आहेत. आइसलँडच्या बाजूला कमी दाबाचं आणि अझोर्स बेटांच्या आसपास जास्त दाबाचं. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे साधारण ४० ते ६० अंश उत्तरेला, पश्चिमी वारे वाहतात. अझोर्सच्या दक्षिणेला ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे. हिवाळ्यात दोन्ही ठाण्यांमधला दाबाचा फरक सर्वांत जास्त असतो, त्यामुळे मधला वाराही सर्वांत जोरात असतो आणि एकामागून एक कमी दाबाची आवर्तं अमेरिकेच्या किनाऱ्याकडून युरोपकडे धावत सुटतात. वसंतात हा फरक कमी होत जातो. उन्हाळ्यात अझोर्सचं ठाणं बळकट होऊन उत्तरेला सरकतं.

आता तुमचे दोन मार्ग या चित्रावर ठेवून बघा. न्यूयॉर्क जवळजवळ ४१ अंशांवर आणि साउदॅम्प्टन जवळजवळ ५१ अंशांवर. म्हणजे सगळी वाट पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यातून, तीही डिसेंबरात. फ्लोरिडा २६ अंशांच्या आसपास, अझोर्सचं पोंटा डेलगाडा बंदर पावणेअडतीसवर, जिब्राल्टर ३६ वर. हे जहाज त्या पट्ट्याच्या दक्षिण काठाकाठानं जातं. आवर्तांची मुख्य रांग उत्तरेकडून निघून जाते, आपल्याला लागतो तो तिचा पदर.

कोलंबसनंही नकळत हीच दोन टोकं बघितली होती. सप्टेंबर १४९२ मध्ये तो कॅनरी बेटांतल्या ला गोमेराहून निघाला आणि व्यापारी वारे पाठीशी घेऊन १२ ऑक्टोबरला पलीकडे पोहोचला. परतताना पश्चिमी वारे पकडायला त्यानं उत्तरेची वाट धरली आणि फेब्रुवारी १४९३ मध्ये अझोर्सच्या अलीकडे असं वादळ लागलं की सांता मारिया बेटाचा आसरा घ्यावा लागला. आजही ऑक्टोबर-नोव्हेंबरात भूमध्य समुद्रातून कॅरिबियनकडे जाणारी प्रवासी जहाजं कॅनरीवरून खाली उतरतात आणि पाठीमागून येणाऱ्या १५-२० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्यात आरामात पलीकडे जातात. पुढेमागे कधी उलट दिशेनं जायचं झालं तर ती वाट लक्षात ठेवा.

आता लाटांकडे येतो. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक प्रवासी फक्त ‘लाटा किती मीटर?’ एवढंच विचारतात. अंदाजात जी उंची छापतात ती सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. ३ मीटर लिहिलं असेल तर अधूनमधून पाच-साडेपाच मीटरची लाट येणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आम्ही उंचीच्या बरोबरीनं दोन गोष्टी बघतो. दोन लाटांच्या मध्ये किती सेकंद जातात, आणि लाट कुठून येते.

खोल समुद्रात सेकंदांचा वर्ग करून १.५६ नं गुणलं की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. ८ सेकंदांची लाट १०० मीटर लांब. तुमचं जहाज ३०० मीटरच्या आसपास असेल, म्हणजे ते एका वेळी तीन लाटांवर पसरलेलं असतं आणि फारसं हलत नाही. तीच लाट हर्णै बंदरातल्या होडीला उभी-आडवी करेल. १२ सेकंदांची लाट २२५ मीटर लांब आणि १४ सेकंदांची सुमारे ३०० मीटर. आता लाटेची लांबी आणि जहाजाची लांबी सारखी झाली, म्हणजे नाळ (जहाजाचं पुढचं टोक) एका डोंगरावर असते तेव्हा जहाजाचा मधला भाग दरीत असतो. दूरच्या वादळातून निघून शेकडो मैल चालत आलेल्या अशा लांब लाटांना आम्ही स्वेल म्हणतो. आकाश निरभ्र, वारा मंद, आणि तरी जेवणाच्या टेबलावरचा ग्लास सरकतो, तो स्वेलमुळे.

दिशेचा परिणाम तर याहून मोठा आहे. १२ सेकंदांची स्वेल ताशी ३६ सागरी मैलांच्या वेगानं धावते. जहाज २० नॉटनं तिच्या समोरून निघालं तर दर पावणेआठ सेकंदांनी एक लाट नाळेवर आदळते. जहाज गोते खातं, पुढच्या केबिनमध्ये पोट वर येऊन खाली जातं, मधूनच धाडकन आवाज होतो. तेच जहाज, तीच लाट, पण पाठीमागून आली तर दोन लाटांमध्ये जवळजवळ २७ सेकंद जातात. मोठ्या झोक्यावर कुणी हळू झुलवावं तसं वाटतं. पुष्कळांना झोपच येते. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या सफरी म्हणूनच बऱ्याचदा सुसह्य होतात.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. लाट सरळ मागून न येता मागच्या कोपऱ्यावरून, तिरकी आली तर ती जहाजाला कुशीवर झुकवते. मोठ्या प्रवासी जहाजाला एका बाजूला कलंडून परत यायला स्वतःचा ठरावीक वेळ लागतो, बहुधा २० ते २५ सेकंद. तिरक्या लाटेची वेळ त्या वेळेशी जुळली की हेलकावे वाढत जातात. यावर उपाय म्हणजे स्टॅबिलायझर, पाण्याखाली दोन्ही बाजूंना बाहेर काढायचे पंख. बाजूचे हेलकावे ते खूप कमी करतात. पुढे-मागे गोते खाण्यावर त्यांचा उपयोग नाही आणि जहाजाचा वेग फार कमी झाला की त्यांचा जोरही ओसरतो. पंखांनी भागलं नाही तर ब्रिजवर आम्ही १०-१५ अंश दिशा बदलतो किंवा वेग दोन-तीन नॉटनं कमी-जास्त करतो. एवढ्यानंही लाटेचा ताल मोडतो आणि खालच्या प्रवाशांना आपोआप बरं वाटायला लागतं.

डिसेंबरच्या वाटेबद्दल स्पष्ट लिहितो. ५० अंशांच्या आसपास हिवाळ्यात लाटांची सरासरी उंचीच चार-पाच मीटर असते, उन्हाळ्यात ती दोनच्या घरात येते. म्हणजे तिथला डिसेंबरचा साधा दिवस हा आपल्या अरबी समुद्रातल्या भर पावसाळ्यातल्या दिवसासारखा. पावसाळ्यात कोकणची बोट बंद असायची हे आई-बाबांना आठवत असेल. त्या दिवसांत जो समुद्र होडकी शाकारून घरी बसायला लावतो, तोच इथे रोजचा. पूर्वेकडे जाताना आणखी एक गोष्ट घडते. आवर्तंही पूर्वेलाच चालतात, बऱ्याचदा ताशी २५-३० मैलांनी. पश्चिमेला जाणारं जहाज त्यांच्या समोरून येतं, हाल होतात पण अर्ध्या दिवसात सुटका होते. पूर्वेला जाणारं जहाज त्यांच्याच सोबतीनं चालत राहतं.

एका डिसेंबरात माझ्या बाबतीत हेच झालं. न्यूयॉर्क सोडून तिसरा दिवस होता. मागून आलेलं आवर्त आमच्या वेगाच्या जेमतेम पुढे होतं. ५० नॉटचा वारा, सात मीटरच्या लाटा, सगळं डावीकडून मागून. ते पुढे सरकेना, आम्हीही सुटेना. शेवटी कॅप्टननं वेग २२ वरून १५ नॉटवर आणला आणि त्याला पुढे जाऊ दिलं. वारा संध्याकाळपर्यंत पडला, स्वेल मात्र आणखी दीड दिवस राहिली. जहाजाला कसलाही धोका नव्हता. पण जेवणघर अर्धं रिकामं होतं आणि दवाखान्यात उलट्यांपेक्षा पडून लागलेल्यांचीच गर्दी जास्त झाली, त्यातही वयस्करांची. मनगट मोडलेल्या एका आजींना मी स्वतः खुर्चीतून केबिनपर्यंत नेलं होतं. तुमच्या आई-बाबांचं वय वाचलं तेव्हा मला त्याच आठवल्या, म्हणून मी डिसेंबरला इतक्या ठामपणे नाही म्हणतो आहे.

जहाज बुडेल का, ही भीती मनातून काढून टाका. ११ सप्टेंबर १९९५ रोजी ‘क्वीन एलिझाबेथ २’ला न्यूयॉर्कला जाताना लुईस चक्रीवादळात सुमारे २९ मीटरची लाट भिडली, ब्रिजच्या खिडक्यांच्या उंचीची. तरी ते जहाज न्यूयॉर्कला पोहोचलं. न्यूयॉर्क-साउदॅम्प्टन मार्गावर २००४ पासून चालणारं ‘क्वीन मेरी २’ तर याच समुद्रासाठी बांधलेलं आहे: ३४५ मीटर लांब, जाड पत्र्याचं, पाण्याखाली दहा मीटर खोल बसणारं, गरज पडली तर ३० नॉटपर्यंत धावणारं. नेहमीची क्रूझ जहाजं वर इमारतीसारखी उंच आणि खाली उथळ असतात, त्यामुळे वारा त्यांना जास्त ढकलतो. तुम्हा दोघांनाच जायचं असतं आणि खवळलेला महासागर डोळ्यांनी बघायची हौस असती, तर मी स्वतः डिसेंबरची सफर सुचवली असती.

हिमनगांबद्दल बाबांनी विचारलं आहे. टायटॅनिक १५ एप्रिल १९१२ ला बुडालं ते ४१ अंश ४३ मिनिटांवर, जवळपास बार्सिलोनाच्याच अक्षांशावर, त्यामुळे शंका रास्त आहे. पण अक्षांश सारखा असला तरी पाणी वेगळं. न्यूफाउंडलंडच्या पुढे लॅब्राडोरचा थंड प्रवाह हिमनगांना दक्षिणेला आणतो, तोही एका ठरावीक भागात. १९१४ पासून आंतरराष्ट्रीय हिम गस्त त्या भागावर नजर ठेवते आणि फेब्रुवारी ते जुलै जहाजांना बर्फाची हद्द कळवत असते. तुमची एप्रिलची वाट त्या भागाच्या बरीच दक्षिणेला आहे. त्याच ठिकाणी गल्फ स्ट्रीमवरची उबदार हवा थंड पाण्यावर येऊन दाट धुकं धरतं, तेही तुमच्या वाटेवर नाही. अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे तुमचे दोन्ही पर्याय त्याच्या बाहेर.

एप्रिलच्या सफरीत साधारण काय वाट्याला येईल ते सांगतो. पहिल्या रात्री जहाज फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतचा गल्फ स्ट्रीम ओलांडतं. तो तिथे उत्तरेला तीन-चार नॉटनं वाहतो. नेमका त्या रात्री उत्तरेचा वारा असेल तर प्रवाह आणि वारा समोरासमोर येऊन लाटा उभ्या राहतात आणि काही तास हलायला होतं. एप्रिलअखेरीस असं क्वचित घडतं, पण पहिलीच रात्र असल्यामुळे लोक घाबरतात. ‘आत्ताच हे, तर पुढे काय’ असं आईंना वाटलं तर त्यांना हे कारण नक्की सांगा. पुढचे तीन-एक दिवस बर्म्युडाच्या दक्षिणेनं, जास्त दाबाच्या हवेतून. ऊन, मंद वारा, निळंशार पाणी, त्यावर तरंगणाऱ्या सार्गासम शेवाळाचे पिवळट पट्टे. बाबांना पहाटे डेकवर न्या, उडते मासे दिसतील.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून आकाश बदलतं. उत्तरेकडून गेलेल्या आवर्ताची स्वेल वायव्येकडून, म्हणजे तुमच्या डाव्या बाजूनं यायला लागते. दोन-तीन मीटर बहुतेक दिवशी, एखादा दिवस चारचा. संपूर्ण सफरीत बोट लागण्याची सर्वांत जास्त शक्यता याच दोन-तीन दिवसांत. गारवाही वाढतो, फ्लोरिडात २७-२८ अंश सोसून आलेली माणसं अझोर्सच्या १७-१८ अंशांत स्वेटर शोधतात. डेकवरच्या वाऱ्याचं गणित वेगळं असतं हेही लक्षात ठेवा. २० नॉटनं चाललेल्या जहाजाला २० नॉटचा वारा मागून मिळाला तर डेकवर पानही हलत नाही, समोरून मिळाला तर ४० नॉटचा सोसाटा लागतो आणि उघडी डेकं बंद करावी लागतात.

पोंटा डेलगाडाला थांबायचं ठरलेलं असलं तरी ते होईलच असं धरू नका. मी दोनदा त्या बंदराच्या तोंडाशी येऊन परत फिरलो आहे, आडव्या वाऱ्यात एवढं उंच जहाज धक्क्याला लावणं धोक्याचं असतं. कॅप्टनचा तो निर्णय प्रवाशांना आवडत नाही, पण तो बरोबरच असतो. अझोर्सनंतर जिब्राल्टरपर्यंत स्वेल डावीकडूनच राहते, हळूहळू मवाळ होत जाते. सामुद्रधुनीत पूर्वेचा लेव्हांटर वारा जोराचा असू शकतो. भूमध्य समुद्रातल्या लाटा उंच असल्या तरी आखूड असतात, मोठ्या जहाजाला त्यांची फार दखल घ्यावी लागत नाही.

निघण्याआधी अंदाज बघायचा असेल तर ‘विंडी’सारख्या ॲपवर वाऱ्याबरोबर स्वेलचा नकाशा उघडा आणि उंचीच्या शेजारचे सेकंदही वाचा. पाच दिवसांच्या पुढचं फार मनावर घेऊ नका. जहाजावर तर अंदाज न बघताही कळतं. कर्मचारी पोहण्याच्या तलावातलं पाणी काढायला लागले, जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या अडकवायला लागले, की पुढच्या काही तासांत हलणार आहे. आईंनी गोळी घ्यायची असेल तर ती वेळ. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

कोणती गोळी, हे मात्र निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. एव्होमिन, मेक्लिझिन वगैरे गोळ्यांनी झोप येते, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्या जपून द्याव्या लागतात. कानामागे लावायच्या पट्टीनं वयस्कर माणसं कधीकधी गोंधळल्यासारखी होतात, ती मी आई-बाबांना सुचवणार नाही. पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, कुरमुरे, थोडा भात, हिरवं सफरचंद चालतं. आलेपाकाच्या वड्या घरून न्या, आलं खरंच उपयोगी पडतं. केबिनमध्ये पडून फोनकडे बघत बसल्यानं त्रास वाढतो. मधल्या भागातल्या खालच्या डेकवर खिडकीशी बसून क्षितिजाकडे बघितलं की कान आणि डोळे एकच गोष्ट सांगायला लागतात आणि मळमळ बसते.

पडण्याची काळजी याहून जास्त घ्या. केबिनच्या बाथरूमला उंबरा असतो, रात्री तिथेच पाय अडकतो. बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवा. सपाट, न घसरणारी पादत्राणं, चालताना एक हात कायम कठड्यावर, आणि जहाज हलत असताना उभ्यानं आंघोळ नको. रोजची औषधं दहा दिवसांची जास्त घ्या, आणि ती हातातल्या बॅगेत. महासागराच्या मध्यावर कोणतंही हेलिकॉप्टर पोहोचत नाही, जहाजावरचा दवाखाना हाच आधार. पूर्वेला जाताना घड्याळ पाच-सहा वेळा तासानं पुढे जातं, त्यामुळे मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. बार्सिलोनाहून घरी येण्याचं विमान उतरण्याच्या दिवशीच ठेवू नका, एक रात्र मध्ये असू द्या.

केबिन निवडताना जहाजाचा नकाशा उघडून अगदी मध्यभागी, जमेल तितक्या खालच्या डेकवरची बघा. जहाज मधल्या बिंदूभोवती गोते खातं, त्यामुळे टोकाच्या केबिनला सी-सॉच्या टोकावर बसल्यासारखं होतं आणि मधलीला जवळजवळ काही जाणवत नाही. वरच्या मजल्यावरची बाल्कनी महाग असते आणि हेलकावेही तिथेच जास्त. आईंसाठी बाल्कनीपेक्षा खालची खिडकीवाली केबिन बरी. बाल्कनीच घेतलीत, तर वारा असताना तिचं दार आणि केबिनचं दार एकाच वेळी उघडू नका. त्या झोतानं दार इतक्या जोरात मिटतं की चौकटीतली बोटं चेंगरतात. बाबांना हे पहिल्याच दिवशी दाराशी उभं करून दाखवा.